शब्दचर्चा : सोरॉरिटी, लेटर्स, बॅज – मराठीत काय म्हणावं? (बोलणाऱ्यांची नावं ही टोपणनावं आहेत.)

तळटीप : अमेरिकी कॉलेजजीवनावरच्या मजकुराचं भाषांतर चालू आहे. एक मुलगी 'लेटर्स' घालून वर्गात येते. ती 'न्यू मेंबर' आहे म्हणून 'बॅज' मात्र लावत नाही. यंत्राने 'पत्रं घालून आली' असं करून दिलं! सोरॉरिटीला, म्हणजे कॉलेजातल्या मुलींच्या संघटनेला, भगिनीमंडळ चालेल का? आणि ती घालते ते नक्की काय?

पारिजात : भगिनीमंडळ नको. ते म्हटलं की हळदीकुंकू, भिशी आणि कोजागिरी आठवते, आणि तिथे वर्गणी भरली की बाई सभासद. सोरॉरिटीत नुसती वर्गणी भरून शिरता येत नाही, आधी बोलावणं यावं लागतं.

लॅटिनमध्ये 'सोरोर' म्हणजे बहीण, संस्कृत 'स्वसृ'चा सख्खा नातलग. 'सोरॉरिटी' हा शब्द १८८२ साली सिरॅक्यूज विद्यापीठातले लॅटिनचे प्राध्यापक फ्रँक स्मॉली यांनी गॅमा फाय बीटा या संस्थेसाठी सुचवला. त्याआधीच्या काही संस्था (उदा. काप्पा आल्फा थीटा, १८७०) मुलींच्याच असूनही कागदोपत्री आजतागायत 'फ्रॅटर्निटी' (एरवी मुलग्यांच्या संघटनेचा शब्द) आहेत. मजकुरात तसं काही आलं तर बंधुसंघ करून टाकू नका. सोरॉरिटी हाच शब्द ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे 'विद्यार्थिनींची आजीव सदस्यत्वाची संघटना' एवढी ओळख द्या.

गवतीचहा : लेटर्स म्हणजे संस्थेच्या नावातली दोन-तीन मोठी ग्रीक अक्षरं, टी-शर्टच्या छातीवर. 'आद्याक्षरं' म्हणायचा मोह होईल. ती संस्थेच्या इंग्रजी नावाची नसतात, बहुधा ग्रीक ब्रीदवाक्याची असतात, आणि ते ब्रीद बऱ्याच ठिकाणी गुप्त. ही प्रथा १७७६ च्या फाय बीटा काप्पाची. त्यांचं ब्रीद आता जगजाहीर आहे : 'फिलोसोफिया बिऊ क्युबर्नेटेस', ज्ञानप्रेम हा आयुष्याचा सुकाणूधारी. तुमचं वाक्य सरळ करा : 'तिने सोरॉरिटीची अक्षरं असलेला टी-शर्ट घातला होता.'

तळटीप : मग न्यू मेंबरला अक्षरं चालतात आणि बॅज नाही, हे कसं?

पारिजात : इथेच शब्द नेमके लागतील. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स (स्थापना १९०२, २६ संस्था) या छत्राखालची वाट अशी : मुलगी आधी 'पोटेन्शियल न्यू मेंबर', म्हणजे इच्छुक. भेटीच्या फेऱ्या संपल्या की 'बिड' येते. ही बोली नव्हे, लिलाव चाललेला नाही! 'सदस्यत्वाचं बोलावणं' म्हणा. शेवटच्या फेरीनंतर, बोलावणं येण्याआधीच, ती एका बंधनकारक करारावर सही करते. त्यात लिहिलेल्या पसंतीतल्या संस्थेचं बोलावणं आलं आणि तिने ते नाकारलं, तर पुढच्या मुख्य भरतीपर्यंत त्या कॅम्पसवर या छत्राखालची दुसरी संस्था तिला घेत नाही. स्वीकारलं की न्यू मेंबर. काही आठवड्यांनी दीक्षाविधी, त्यानंतर पूर्ण सदस्य. आणि मग या २६ पैकी दुसरीत आयुष्यभर जाता येत नाही.

अनेक संस्था न्यू मेंबरला अक्षरं वापरू देतात. बॅज दीक्षेनंतरच. संस्थेचं मानचिन्ह, म्हणजे क्रेस्ट, तेही बहुतेक ठिकाणी दीक्षा झालेल्यांसाठीच.

गवतीचहा : बॅजला 'बिल्ला' करू नका, बिल्ला शिपायाचा किंवा निवडणुकीतला. हा ब्रोचसारखा छोटासा दागिना असतो, कधी मोत्यांनी मढवलेला. डाव्या बाजूला, हृदयावर लावायचा, आणि ब्लाउज किंवा ड्रेससारख्या नीटनेटक्या कपड्यांवरच. टी-शर्टवर शोभत नाही आणि टिकतही नाही : होजिअरीचं कापड वजनाने ओघळतं, पिनेने भोक पडतं. कित्येक संस्थांत बॅज कायम संस्थेच्या मालकीचा असतो, सदस्यत्व सोडलं की परत करायचा. म्हणून 'तिचा दागिना' असंही लिहू नये.

ह्यूस्टनचा पाऊस : हे सगळं एका छत्राचं झालं. काळ्या विद्यार्थिनींच्या संस्थांचे संकेत वेगळे आणि कडक आहेत. आल्फा काप्पा आल्फा (१९०८, हॉवर्ड विद्यापीठ), डेल्टा सिग्मा थीटा (१९१३, तिथलीच) अशा चार सोरॉरिटी नॅशनल पॅन-हेलेनिक कौन्सिलमध्ये येतात. नावं सारखी वाटतात पण हे कौन्सिल निराळं, १९३० चं. इथे दीक्षेआधी अक्षरं अंगावर घालणं म्हणजे अपमानच. इच्छुक मुलीने माहिती-सभेला संस्थेच्या रंगांचे कपडेही टाळावेत : गुलाबी-हिरवा घालून आल्फा काप्पा आल्फाच्या सभेला गेलं की आत शिरायच्या आधीच नाव खराब. त्यांची 'स्की-वी' ही हाक बाहेरच्यांनी मारायची नाही. सदस्य एकमेकींना 'सोरोर' म्हणतात. बाहेरच्या माणसाने म्हणू नये. मजकुरात 'सोरोर' आला तर तसाच ठेवा, 'ताई' नको.

आपल्याकडच्या मुलींचा संबंध येतो तो दक्षिण आशियाई सोरॉरिटींशी. डेल्टा फाय ओमेगा (ह्यूस्टन) आणि काप्पा फाय गॅमा (ऑस्टिन) दोन्ही १९९८ च्या.

पारिजात : दोन्ही छत्रांखाली सारखा असलेला एक संकेत : अक्षरं अंगावर असताना दारू नाही, हातात लाल प्लॅस्टिकचा ग्लाससुद्धा नाही. आत सरबत असलं तरी फोटोत ते दिसत नाही, अक्षरं मात्र दिसतात. आई-वडिलांसाठी अक्षरांखाली 'मॉम' किंवा 'डॅड' लिहिलेले वेगळे शर्ट मिळतात, लेकीचा शर्ट आईने घालायचा नसतो.

छापखाना : कुणी पुण्या-मुंबईतून असे शर्ट करून पाठवणार असेल तर दोन गोष्टी. अक्षरं शक्यतो शिवलेली असतात : वरचं अक्षर, खाली त्याहून जरा मोठं दुसऱ्या रंगाचं, मध्ये चिकटणारा पापुद्रा, कडेने दाट झिगझॅग शिलाई. उलटं करून गार पाण्यात धुवावं. ड्रायरच्या उष्णतेने गोंद सुटतो, सुती शर्ट आटतो आणि अक्षराच्या कडा वळतात.

दुसरी गोष्ट फाइलची. सिम्बॉल फॉन्टात (इंग्रजी कळा दाबून ग्रीक अक्षरं देणारा टंक) फायसाठी एफ, थीटासाठी क्यू, ओमेगासाठी डब्ल्यू दाबतात. समोरच्या संगणकात तो फॉन्ट नसला की शर्टवर चक्क एफ, क्यू, डब्ल्यू छापून येतं. अक्षरं आउटलाइन करूनच, म्हणजे त्यांचं चित्र करून, फाइल द्यावी. सिग्माऐवजी इंग्रजी ई तर कधीच नको. बऱ्याच संस्थांना परवानाधारक विक्रेताच लागतो, ते आधी विचारून घ्या.

तळटीप : आभार. ग्रीक अक्षरांचे उच्चार कुठले धरू? पाय, फाय, साय ठीक वाटतात, पण १८९५ ची ती 'काय ओमेगा'…

गवतीचहा : अमेरिकेत उच्चार 'काय'च आहे. 'ती काय ओमेगाची सदस्य होती' हे वाचून वाचक प्रश्नचिन्ह शोधत बसेल, तेव्हा जोडरेघ द्या : 'काय-ओमेगा'. मग बाकीच्या नावांनाही द्यावी लागेल.