अनुभव धागा : "आत्ताच का आलात?"

दवाखाना आवरून किल्ली शोधत असले की दारात कोणीतरी उभं असतंच. "तीन दिवस पोटात दुखतंय." मग सकाळी का नाही आलात, असं फटकन विचारायची मला खोड होती. एका आजोबांनी ती मोडली. म्हणाले, "सकाळी बरं होतं. उगाच तुम्हाला कशाला त्रास?" हल्ली मी विचारते, "आज रात्री नवीन काय झालं?" खरं कारण बहुधा तिथेच सापडतं. तुम्ही कधी अवेळी डॉक्टर गाठला असेल, तर का, ते लिहा. कारण फुसकं वाटलं तरी चालेल.

*

लेक दीड वर्षाचा. झोपताना नाक जरासं वाहत होतं, बस्स. रात्री दीडला कुत्र्याचं पिल्लू भुंकावं तसा खोकला, आणि श्वास आत घेताना चिरका आवाज. दुपट्यात गुंडाळून पळालो. दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचतोय तोवर स्वारी हसायला लागली! मी ओशाळलेच. डॉक्टर म्हणाल्या, हा क्रूप, म्हणजे लहान मुलांच्या घशाखाली श्वासमार्गाला येणारी सूज; रात्रीच बळावतो, गार हवेत थोडा ओसरतो. स्टिरॉइडचा एक डोस तोंडावाटे दिला आणि तासभर बसवून ठेवलं.

*

दिवसा गेलं की खाडा, आणि खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला. यापेक्षा वेगळं कारण नाही.

*

मी उलटा अनुभव सांगतो. आम्ही गेलो नाही.
रात्री अकराला बाबांना सदऱ्याचं बटण लावता येईना. उजवा हात सारखा घसरत होता. जीभही जड. दमलेत, झोपू दे, सकाळी बघू, असं मीच म्हणालो. सकाळी इस्पितळात पहिला प्रश्न आला, "शेवटचे ठणठणीत कधी होते?" पक्षाघात होता. त्यात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, हे तेव्हा कळलं. बाबा आता डाव्या हाताने जेवतात.

*

माझं कारण फुसकंच. घरात बीपीचं यंत्र. झोप येईना म्हणून मोजलं : 150. घाबरून पुन्हा, 162. मग दर पाच मिनिटांनी. 178 ला बायकोला उठवलं आणि दवाखाना गाठला. तिथल्या डॉक्टरांनी नुसतं अर्धा तास खुर्चीत बसवलं, मग मोजलं. 136.

*

(धागा काढणारी) बटणाचं वाचून मीही थांबले. दुखत नाही म्हणून लोक अशा वेळी सकाळची वाट बघतात, आणि कान ठणकला की मात्र धावत येतात. कान आडवं झाल्यावर जास्त ठणकतो, ताप संध्याकाळनंतर चढतो, दमा पहाटे उसळतो. त्यामुळे "दिवसा काही नव्हतं हो" हे पुष्कळदा खरंच असतं.
178 वाले, यंत्र सध्या कुठे आहे?

*

बायकोने लपवलंय. सांगत नाही.