माळवदाची घरं
उन्हाळ्यात माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या घरात पंखा लागायचा नाही, हे म्हणणं अगदी खरं. पण त्यामागचे कष्टही सांगायला हवेत. मृगाच्या आधी गावाबाहेरून पांढरी माती आणायची, माळवदावर पसरून चोपायची, पन्हळी मोकळ्या करायच्या. तरी झडीत एखादा कोपरा गळायचाच. आई त्याखाली पितळी पातेलं ठेवायची. उन्हाळ्याच्या रात्री वाकळा घेऊन सगळं घर वर झोपायला, उशाशी रेडिओ. काय सुख होतं ते!

आमच्या लातूर जिल्ह्यातल्या औसा-निलंग्याकडं ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानं हे सगळं मोडलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं एवढं ओझं; पहाटे झोपेतच हजारो माणसं गाडली गेली. नंतर पत्रे आले. दुपारी आत बसवत नाही, पण आजी पुन्हा कधी माळवदाखाली झोपायला तयार झाली नाही.