मदत हवी आहे: बाळ पाच महिन्यांचं, नवऱ्याचा पगार निम्म्यावर. नोकरी सोडू की पाळणाघर? (अर्जंट)

डोंबिवलीची_आई
नमस्कार, पटकन सांगा प्लीज, सोमवारी एचआरला उत्तर द्यायचंय. बाळ पाच महिन्यांचं आहे, माझी मॅटर्निटी लीव्ह नोव्हेंबरमध्ये संपतेय. नवऱ्याच्या कंपनीत ऑगस्टपासून काम कमी झालं, आधी ओव्हरटाइम बंद केला मग आठवड्यातले तीनच दिवस बोलवायला लागले, त्यामुळे पगार निम्म्यावर आलाय आणि यंदा दिवाळी बोनसचं नाव पण कोणी काढत नाहीये. पाळणाघरवाली महिन्याला नऊ हजार सांगते. सासूबाई म्हणतात नऊ हजार घालवण्यापेक्षा तूच घरी थांब, माझी आई म्हणते खबरदार नोकरी सोडलीस तर. एचआर म्हणते एकतर रोज ऑफिसला या नाहीतर राजीनामा द्या. रात्री बाळ झोपलं की मी मोबाइलवर हिशेब मांडत बसते आणि सकाळी परत तोच हिशेब. सोडू की नको तेवढं सांगा.

हिशेबनीस
ताई, तुमचा पगार, घराचा हप्ता, हातात शिल्लक काहीच लिहिलं नाहीत. आम्ही काय कुंडली बघून सांगणार?

सोलापूरचा_टॉवेलवाला
नवरा कुठल्या लाइनमध्ये आहे? ऑगस्टपासून म्हणताय म्हणजे अमेरिकेच्या टॅरिफचा, म्हणजे आयात शुल्काचा मार असणार. आमच्याकडं पण तेच. २७ ऑगस्ट २०२५ पासून ५० टक्के लागलं, आणि तोच टॉवेल पाकिस्तानातून गेला तर १९, तुर्कस्तानातून १५. सांगा आता, गिऱ्हाईक आपल्याकडं कशाला थांबंल?

डोंबिवलीची_आई
हो तेच. अंधेरीच्या सीप्झ निर्यात क्षेत्रात हिऱ्याच्या दागिन्यांच्या युनिटमध्ये क्वालिटी चेकिंगला आहे. माल सगळा अमेरिकेचाच.

कोकणस्थ_काका
पण सोन्याचा भाव तर आभाळाला भिडलाय, ज्वेलरीवाल्यांची तर चांदी असणार! कंपनी तुम्हाला उल्लू बनवतेय.

डोंबिवलीची_आई
काका, सगळे नातेवाईक हेच विचारतात. सोनं कंपनीचं नसतं हो, एक्स्पोर्ट युनिटला मजुरी आणि थोडं मार्जिन मिळतं. भाव वाढला की तिकडचा दुकानदार हलकं डिझाइन मागतो नाहीतर ऑर्डरच देत नाही, आणि त्यावर हे ५० टक्के. ख्रिसमसचा माल एरवी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रात्रपाळी करून जायचा. असो, माझ्या प्रश्नाचं काय?

पर्णिका
बाळ लहान असताना आईच जवळ हवी. पैसा काय, येतो जातो. मी सोडली होती नोकरी, आजपर्यंत एक दिवस वाईट वाटलं नाही.

मीनल_ठाणे
@पर्णिका तुमच्या घरी दुसरा पगार पूर्ण येत होता का? तेवढं पण सांगा ना. इथे दुसरा पगारच अर्धा झालाय.

पर्णिका
मी माझा अनुभव सांगितला, कोर्टात साक्ष द्यायला नाही आले.

भोसरी_अण्णा
सुकन्या समृद्धी उघडा लगेच. ८.२ टक्के व्याज, वर्षाला २५० रुपये भरले तरी खातं चालू राहतं. मुलीच्या लग्नाची चिंता मिटली.

डोंबिवलीची_आई
मुलगा आहे हो.

भोसरी_अण्णा
मग पीपीएफ. ७.१.

हिशेबनीस
अण्णा, घरात महिन्याचा किराणा कसा भरायचा हा प्रश्न आहे आणि तुम्ही पंधरा वर्षं पैसे अडकवताय. ताई, आकडे टाका बघू.

डोंबिवलीची_आई
माझे हातात ३१ हजार. नवऱ्याचे ४६ यायचे, आता २३-२४. हप्ता १८,७००. एक एसआयपी चालू आहे ३ हजारांची. शिल्लक दोनेक महिने निघतील एवढी. सासूबाई आमच्याजवळच असतात, पण गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय त्यामुळे बाळाला उचलून फिरवणं त्यांना जमत नाही.

मीनल_ठाणे
सासूबाईंचं ऑपरेशन! हे तुम्ही आत्ता सांगताय??

हिशेबनीस
आता ऐका. तुमचे ३१, त्यातून पाळणाघर ९, पास-रिक्षा-डबा धरून दोन. घरात २० येतात. नोकरी सोडली तर नवऱ्याच्या २४ मधून हप्ता वजा जाता पाच हजार उरतात, त्यात चौघांचं जेवण, वीज, सोसायटी मेंटेनन्स, डायपर. यात 'सोडू की नको' हा प्रश्नच कुठे शिल्लक राहतो? एसआयपी थांबवा, मोडू नका नुसती थांबवा, त्यासाठी दंडबिंड नसतो.

आणि कर्ज बँकेचं की हाउसिंग फायनान्सचं? व्याज किती पडतंय?

डोंबिवलीची_आई
हाउसिंग फायनान्स. ९.४. बाकी १८ लाख, अजून १५ वर्षं.

हिशेबनीस
हं. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रिझर्व्ह बँकेने रेपो, म्हणजे ती बँकांना कर्ज देते तो दर, ६.५ वरून ५.५ वर आणला. बँकांचं २०१९ नंतरचं फ्लोटिंग गृहकर्ज बाहेरच्या दराला, बहुतेक ठिकाणी रेपोलाच बांधलेलं असतं, तिथे तो फरक आपोआप पोचतो. हाउसिंग फायनान्सवाल्यांना तो नियम नाही, ते त्यांच्या मर्जीने उतरवतात. आधी त्यांनाच लेखी विचारा रेट कमी करून देता का, थोडी फी घेऊन बरेचदा देतात. नाही दिला तर सरकारी बँकेत ट्रान्सफर. ७.९ जरी धरलं तरी हप्ता पंधराशे-सोळाशेने उतरेल. फ्लोटिंग कर्ज बंद करायला दंड लागत नाही, पण प्रोसेसिंग फी आणि एमओडीचा, म्हणजे घराची कागदपत्रं तारण ठेवल्याच्या नोंदीचा खर्च येतो तो मोजा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवऱ्याची सॅलरी स्लिप आत्ता अर्धी आहे, म्हणजे नवी बँक बघणार तुमची. तुम्ही राजीनामा दिलात की तो दरवाजा बंद.

टेक्सासचा_नाना
तुम्ही लोक नशीबवान आहात. इथे फेडरल कायद्याने १२ आठवडे रजा, तीही बिनपगारी, तीही कंपनी मोठी असेल तर. माझ्या सुनेला दीड महिन्यात कामावर जावं लागलं. तिकडे २६ आठवडे भरपगारी!

कोकणस्थ_काका
नाना, तुमच्याच सरकारच्या टॅरिफने हिच्या घरचा पगार कापला गेलाय, जरा सांभाळून बोला.

टेक्सासचा_नाना
मी लावला का टॅरिफ? मी तर मतदान पण करू शकत नाही, ग्रीन कार्डवर आहे.

सोलापूरचा_टॉवेलवाला
नाना चादर पायजे का? सोलापुरी. स्वस्तात देतो 😄

सिस्टर_ताई
मी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात आहे. बाळाच्या लसी कुठे घेताय?

डोंबिवलीची_आई
प्रायव्हेट. प्रत्येक खेपेला चार-पाच हजार जातात. पण मी तो प्रश्न विचारलेला नाहीये.

सिस्टर_ताई
नसू दे, पैसे तुमचेच वाचतायत. पेंटा, रोटा, पोलिओ, न्यूमोनियाची पीसीव्ही सगळं सरकारी यादीत आहे आणि फुकट आहे. पीसीव्ही २०२१ पासून देशभर देतात. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची आणि पीसीव्हीचा बूस्टर येईल, तेव्हा प्रायव्हेटचंच कार्ड घेऊन केंद्रात या, कोणी परत पाठवत नाही. फ्लू, कांजिण्या, टायफॉइड या आमच्याकडे नाहीत, त्याचं तुमच्या डॉक्टरांशी बोला, त्याचेच तेवढे पैसे बाजूला ठेवा.

पर्णिका
सरकारी लसीने बाळ फणफणतं. प्रायव्हेटची पेनलेस असते.

सिस्टर_ताई
ताप एक-दोन दिवस येऊ शकतो, तापाचं औषध किती द्यायचं ते आम्ही वजन बघून सांगतो. 'पेनलेस' म्हणजे सुई टोचत नाही असं नव्हे, ताप आणि सूज कमी येते इतकंच. ती सरकारी लस हलकी आहे म्हणून फुकट देत नाहीत.

गुहागरची_आजी
डायपर कशाला गं? जुन्या सुती साड्यांचे लंगोट शिवायचे. आणि मधात वेखंड उगाळून रोज गुटी द्यायची, बाळ दणकट होतं, डॉक्टर लागत नाही.

सिस्टर_ताई
आजी, लंगोटाला माझे दोन्ही हात वर. पण मध वर्षाच्या आत अजिबात नको, बोटुलिझम ही विषबाधा होऊ शकते. गुटी पण नको. पाच महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा लागत नाही.

गुहागरची_आजी
माझी चार पोरं मधावरच वाढली.

मीनल_ठाणे
आजी, लंगोट दिवसा आणि रात्री एक डायपर असं चालतं बघा, खर्च निम्म्याहून खाली येतो. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून डायपरवरचा जीएसटी १२ चा ५ झालाय, जुन्या छापील किमतीचं पाकीट असेल तर दुकानदाराला बिल मागा. बरं मुख्य मुद्दा. ताई, तुमच्या ऑफिसात माणसं किती?

डोंबिवलीची_आई
ठाण्याच्या ऑफिसात साठ-सत्तर असतील. मी अकाउंट्सला आहे.

मीनल_ठाणे
मग ऐका. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त माणसं असली की पाळणाघराची सोय कंपनीने करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाला भेटू द्यायचं. शिवाय मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दोन ब्रेक, ते विश्रांतीच्या वेळेशिवायचे. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम, हे पण कायद्यात आहे, फक्त ते दोघांच्या संमतीने. आणि रजेवर असताना काढून टाकणं बेकायदेशीर आहे. म्हणूनच एचआर तुमच्याकडूनच राजीनामा काढायला बघतेय. फोनवर काही कबूल करू नका, मेलवर मागा.

कोकणस्थ_काका
कायदा दाखवला की दुसऱ्या दिवसापासून छळ चालू. मी तीस वर्षं प्रायव्हेटमध्ये काढलीत.

मीनल_ठाणे
काका, मी पण एचआरलाच आहे. लेखी मागितलेल्या गोष्टीला 'नाही' असं लिहून द्यायला आमचे लोक फार घाबरतात. भांडायचं नाही, 'पाळणाघराची काय व्यवस्था आहे ते कळवावे' एवढं एकच वाक्य टाकायचं. कंपन्या मग जवळच्या पाळणाघराशी टाय-अप तरी करतात किंवा घरून कामाचे दिवस देतात, तेच त्यांना स्वस्त पडतं.

डोंबिवलीची_आई
पण ठाण्यात पाळणाघर दिलं तर सकाळच्या फास्ट लोकलला बाळ घेऊन चढू कशी? तुम्ही डोंबिवलीहून कधी चढलायत का??

मीनल_ठाणे
चढलेय. म्हणूनच घरून काम मागा, पाळणाघराचा मुद्दा त्यासाठीच पुढे करायचा.

रात्रपाळी_६९
एक विचारू का? नवरा आठवड्यातले तीन दिवस कामाला म्हणजे चार दिवस घरी. त्या दिवशी बाळ कोण बघतं?

डोंबिवलीची_आई
मीच. तो दुसरी नोकरी बघतोय ना, फोन करत असतो लोकांना. सासूबाईंना पण ते बरं दिसत नाही.

रात्रपाळी_६९
फोन बाळाशेजारी बसून पण होतात. मी दोन वर्षं रात्रपाळी करून दिवसा मुलीला सांभाळलं, आंघोळ-बिंघोळ सगळं. त्याची एक रविवारची सुट्टी धरली तरी कामाचे तीन दिवस तो घरी आहे, म्हणजे पाळणाघर तीनच दिवस लागतं. रोजच्या हिशेबाने घेतात का विचारा. दूध काढून ठेवलं की फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं. फॉर्म्युलाचा खर्च पण नाही.

सिस्टर_ताई
बरोबर. बाहेर ठेवलं तर चारच तास, आणि ऑक्टोबर हीटमध्ये तेवढे पण धरू नका. महिनाभरात वरचं अन्न सुरू होईल तेव्हा नाचणीचं सत्त्व, मऊ खिमटी, वर थोडं तूप. पाकिटातलं सिरियल विकत आणायची गरज नाही. नवऱ्याला आत्तापासून एकटं सोडून बघा, तुम्ही बाजारात जा दोन तास. बाटली नाही घेतली तर वाटी-चमच्याने पाजायचं.

भोसरी_अण्णा
पुरुषाने घरी बसून लंगोट धुवायचे आणि बाई लोकलला लटकणार. छान चाललंय.

रात्रपाळी_६९
अण्णा, मशीन धुतं लंगोट. आपण फक्त वाळत घालायचे.

हिशेबनीस
सगळ्यांच्या डोक्यातून एक राहिलंच. ताई, मेडिक्लेम कुणाच्या कंपनीचा आहे? आणि त्यात बाळाचं नाव घातलंय का?

डोंबिवलीची_आई
नवऱ्याच्या. सासूबाई पण त्यातच आहेत. बाळाचं नाव... थांबा विचारते.

नाही घातलेलं. तो म्हणतो रिन्यूअलला घालू.

हिशेबनीस
उद्या सकाळी घालायला सांगा! ग्रुप पॉलिसीत जन्मानंतर ठरावीक दिवसांत कळवायचं असतं, मुदत टळली असेल तरी मेल टाकून विनंती करा. दुसरं, त्याची नोकरी गेली की तुम्हा चौघांचं कव्हर सहसा त्याच दिवशी जातं. सुटण्याआधी त्याच विमा कंपनीच्या स्वतंत्र पॉलिसीत मायग्रेशन, म्हणजे बदली मागता येतं, ते सुटल्यावर धावपळ करण्यावर ठेवू नका. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन ग्रुप कव्हर चालू आहे तोवर उरकायचं का हे डॉक्टरांना आधी विचारा, कारण नव्या पॉलिसीत जुन्या दुखण्याला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. आणि तुम्ही तिघांचा मिळून एक छोटा आरोग्य विमा (फ्लोटर) आत्ताच बघा, बाळाला नव्वद दिवस झालेत त्यामुळे घेतात, आणि वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय.

कोकणस्थ_काका
पाटल्या असतील तर विका, असा भाव परत येणार नाही.

डोंबिवलीची_आई
काका, दागिन्यांच्याच धंद्यात आहे तो. मोडीत घालताना घडणावळ जाते हे घरात रोज ऐकते मी. अगदीच अडलं तर गहाण ठेवू.

मीनलताई, मेल लिहिलाय. पाळणाघराची व्यवस्था काय ते विचारलं, आणि आठवड्यात दोन दिवस घरून काम आणि दूध पाजायचे ब्रेक मागितलेत. राजीनाम्याचं काहीच लिहिलं नाही. पाठवू ना?

मीनल_ठाणे
'विनंती आहे' आणि शेवटी 'लेखी कळवावे' हे दोन्ही आहे का? असेल तर पाठवा. बीसीसीमध्ये स्वतःचा पर्सनल मेल ठेवा.

डोंबिवलीची_आई
पाठवला. पाळणाघरवालीने तीन दिवसांचे सहा हजार सांगितले, साडेपाचवर आणते. नवऱ्याला धागा वाचायला दिला, तो म्हणे हे रात्रपाळीवाले कोण आहेत त्यांना काय धंदा नाही का. पण आत्ता बाळ त्याच्याकडे आहे आणि मी हे टाइप करतेय.

रात्रपाळी_६९
🙏

सोलापूरचा_टॉवेलवाला
दादांना सांगा, टॅरिफ उतरलं की पहिली ऑर्डर ज्वेलरीचीच येणार, टॉवेलचं काय खरं नाही.

स्नेहल_कल्याण
पाळणाघर पूर्वेला की पश्चिमेला? माझ्या बहिणीला जानेवारीपासून हवंय. तीन दिवसांचं घेतात हे माहीतच नव्हतं.