उबुंटू २२.०४ वर विम ९.१ (टेक्स्ट एडिटर) सोर्समधून बांधायचंय, आधी काय काय बसवावं?

दादर_टर्मिनल
उबुंटू २२.०४ च्या रिपॉझिटरीत विम ८.२ आहे आणि मला ९.१ हवंय, तेही पायथन३ आणि सिस्टिम क्लिपबोर्डसकट. घरच्या लॅपटॉपवर सुडो (ॲडमिनचे अधिकार) आहे, पण नेट मोबाइल हॉटस्पॉटचं, म्हणून डाउनलोड कमीत कमी हवं. माटुंग्याला कॉलेजच्या लॅबमध्येही तेच बांधायचंय, तिथे जीसीसी कंपाइलर आहे पण सुडो नाही. घरी कॉन्फिगर (बांधण्याआधी सिस्टिम तपासणारी स्क्रिप्ट) "नो टर्मिनल लायब्ररी फाउंड" म्हणून थांबतं. लिबएनकर्सेस६ ही टर्मिनल लायब्ररी तर आधीपासून आहे. मग अडतंय कुठे?

मुलुंडकर_सी
तुमच्याकडे आहे ती प्रोग्राम चालवण्यापुरती लायब्ररी. बांधताना हेडर फाइली (लायब्ररीत काय आहे ते कंपाइलरला सांगणाऱ्या) आणि जोडणीसाठीच्या लायब्ररी फाइली लागतात, त्या "-डेव्ह" नावाच्या पॅकेजमध्ये येतात. एवढं पुरेल:

सुडो ॲप्ट इन्स्टॉल बिल्ड-इसेन्शियल गिट लिबएनकर्सेस-डेव्ह पायथन३-डेव्ह लिबएक्स११-डेव्ह लिबएक्सटी-डेव्ह

शेवटची दोन क्लिपबोर्डसाठी, ती एक्स या खिडक्या दाखवणाऱ्या प्रणालीची आहेत. जीव्हिमची खिडकी नको असेल तर जीटीके३ चं डेव्ह पॅकेज घेऊ नका, त्याच्यामागे पॅकेजांची मोठी रांग येते. सोर्स आणताना गिट क्लोनला "--डेप्थ १" द्या. सगळा इतिहास खाली उतरत नाही, डेटा वाचतो.

मग:

./कॉन्फिगर --प्रीफिक्स=$होम/.लोकल --विथ-फीचर्स=ह्यूज --एनेबल-पायथन३इंटर्प=येस --एनेबल-फेल-इफ-मिसिंग

प्रीफिक्स म्हणजे विम ज्या फोल्डरात बसवायचं ते. शेवटचा पर्याय फार मोलाचा आहे. एनकर्सेस नसेल तर कॉन्फिगर निदान थांबतं तरी. पायथनची हेडर सापडली नाही तर ते मुकाट्याने पुढे जातं आणि पायथनविना विम तयार होतं. हा पर्याय दिला की तिथेच एरर येते.

परळ_मेकफाइल
वरचं सगळं बरोबर, पण एक राहिलं. विमचं कॉन्फिगर आपले निष्कर्ष एसआरसी/ऑटो/कॉन्फिग.कॅश या फाइलमध्ये जपून ठेवतं. पॅकेज नंतर बसवलं तरी जुनंच "नाही" वाचलं जाऊ शकतं, आणि माणूस पॅकेजलाच दोष देत बसतो. म्हणून काहीही नवीन बसवलं की आधी मेक डिस्टक्लीन (जुने निष्कर्ष पुसणारी कमांड), मगच कॉन्फिगर. तरीही अडलं तर त्याच फोल्डरमधली कॉन्फिग.लॉग उघडा. ज्या तपासणीवर गाडी अडली तिच्या खाली कंपाइलरची खरी तक्रार असते.

लॅबसाठी: एनकर्सेसचा सोर्सही त्याच प्रीफिक्सने होम फोल्डरमध्ये बांधा, "--एनेबल-वाइडसी" देऊन. वाइडसी नसेल तर लायब्ररीचं नाव वेगळं पडतं. मग विमच्या कॉन्फिगरच्या आधी सीपीपीफ्लॅग्समध्ये -आय$होम/.लोकल/इन्क्लूड, एलडीफ्लॅग्समध्ये -एल$होम/.लोकल/लिब, आणि पर्याय म्हणून "--विथ-टीलिब=एनकर्सेसडब्ल्यू". एनकर्सेस मुळात स्टॅटिक (प्रोग्रामच्या आतच मिसळणारी) लायब्ररी बनवतं, त्यामुळे चालवताना वेगळा लायब्ररी पाथ सांगावा लागत नाही. लॅबमध्ये पायथन आणि एक्सच्या हेडर नसतील तर पायथनचा पर्याय देऊ नका आणि क्लिपबोर्डची सोयही सोडा. एवढ्यासाठी एक्सचा अख्खा पसारा होममध्ये बांधणं मला पटत नाही.

दादर_टर्मिनल
घरचं झालं, मेक इन्स्टॉलही झालं. पण "विम --व्हर्जन" अजून ८.२ च सांगतंय.

मुलुंडकर_सी
बॅशला (टर्मिनलमधल्या शेलला) जुना पत्ता लक्षात आहे, "हॅश -आर" द्या. तरी तेच आलं तर पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) बघा. उबुंटूची .प्रोफाइल होममधलं .लोकल/बिन पाथमध्ये घालते, पण लॉगिनच्या वेळी ते फोल्डर अस्तित्वात असेल तरच. तुमचं आत्ताच तयार झालंय, एकदा लॉगआउट करून या.

नंतर व्हर्जनच्या यादीत "+क्लिपबोर्ड" आणि "+पायथन३" शोधा. पुढे उणे चिन्ह दिसलं तर ती सोय आत गेलेली नाही.

परळ_मेकफाइल
आणि तयार झालेली बायनरी नुसती उचलून पेनड्राइव्हने लॅबमध्ये नेऊ नका. रनटाइम फाइलींचा (विमला चालताना लागणाऱ्या फाइलींचा) पत्ता कॉन्फिगरच्या वेळीच आत कोरला जातो. त्या फाइली तिथे नसल्या की उघडताच ई११८७ ही एरर येऊ शकते, डिफॉल्ट्स.विम सापडत नाही म्हणून. तिथे तिथलंच बांधा.