‘डिग्रेडेड’ला मराठीत काय म्हणावे? अवनत, अधू की उणा?

अर्धविराम:
घरच्या लिनक्स सर्व्हरसाठी मराठीत एक पानभर सूचना लिहितोय आणि एका शब्दावर अडलोय. सर्व्हर सोलापुरात, मी पुण्यात. त्यावर कारखान्याची चादरींची सगळी जेकार्ड डिझाइनं आहेत. चार टेराबाइटच्या चार डिस्क, रेड ५ (अनेक डिस्क जोडून एकच संच करायची पद्धत, त्यात एका डिस्कइतकी जागा बचावाच्या मजकुराला जाते), म्हणजे वापरायला बारा टेराबाइट. मे महिन्यात लाइट गेली-आली आणि एक डिस्क संचातून बाहेर पडली. मी फोनवर सांगितलं, “एक डिस्क बाद झालीय, बाकी चालू आहे.” वडिलांच्या लेखी बाद झालेली वस्तू काढून बाजूला ठेवायची असते. त्यांनी ती काढायला घेतली आणि निघाली शेजारची, चांगली. रेड ५ मध्ये एक डिस्क नसली तरी चालतं, दोन नसल्या की संच बंद.

माहिती परत मिळाली. मशीन बंद करून काढलेली डिस्क जागेवर बसवली, तिन्ही चांगल्या डिस्कवरचे इव्हेंटचे आकडे (संचातल्या बदलांची प्रत्येक डिस्कवर राहणारी मोजणी) ताडून पाहिले, ते अगदी जवळजवळ होते, म्हणून एमडीएडीएमने (लिनक्सवर असे संच सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमने) ‘असेंबल’ला ‘फोर्स’ जोडून संच उभा केला. आधीच मागे पडलेली डिस्क मुद्दाम बाहेर ठेवली.

तर प्रश्न असा. संच चालू आहे, माहिती शाबूत आहे, पण आता आणखी एकही डिस्क गमावून चालणार नाही, या अवस्थेला इंग्रजीत ‘डिग्रेडेड’ म्हणतात. मराठीत काय लिहू, म्हणजे वाचणारा हात मागे घेईल? ‘अवनत’ लिहून पाहिलं. आईने विचारलं, “कुणाची अवनती?”

निवृत्त अनुवादक:
‘अवनत’मध्ये वावगं काय? शब्द वापरून रुळतो. सावरकरांनी ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ दिले तेव्हा तेही कुणाच्या तोंडात बसलेले नव्हते. अ‍ॅरेला, म्हणजे डिस्कच्या संचाला, व्यूह, डिग्रेडेडला अवनत, रिकव्हरीला पुनर्प्राप्ती. एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच वापरा. आपण प्रत्येक वेळी घरातल्यांना विचारत बसलो तर मराठीत तंत्रज्ञान कधीच लिहिलं जाणार नाही.

पूर्वभाग:
सर, रात्री अकराला पंख्याखाली उभं राहून कुणी ‘व्यूह अवनत’ वाचणार नाही. आमच्याकडं रिकव्हरी म्हणजे वसुली. डेटा वसूल झाला म्हणा, कळतंय की सगळ्यांना.

निवृत्त अनुवादक:
वसुली पैशाची होते. आणि तो शब्द अरबी.

पूर्वभाग:
अरबीत त्याचा अर्थ पोचणं, हाती लागणं. बुडालं म्हणून सोडलेलं हाती लागलं तर वसूलच. वरती ‘शाबूत’ लिहिलंय, तेही अरबीतनं आलेलं. ‘दुरुस्त’ फारसी. हे तीन काढून टाका आणि डिस्कबद्दल चार वाक्यं लिहून दाखवा.

काळी माती:
मूळ प्रश्नाला माझं उत्तर: अधू. आमच्या मोहोळकडे आजी म्हणायची, बैल एका पायानं अधू झालाय, हलकं काम द्या. म्हणजे काम होतंय, पण जपून. ‘अर्धा’वरून आला असणार शब्द, अर्ध, अद्धा, अधू.

निवृत्त अनुवादक:
कानाला जुळलं म्हणून व्युत्पत्ती होत नाही. ‘अधू’मध्ये अर्धेपणा कुठे आहे? नजर अधू असते, ती अर्धी नसते. शब्द चांगला आहे, त्याला खोटी वंशावळ कशाला?

काळी माती:
वंशावळ सोडा मग. शब्द चांगला म्हणालात, तेवढं घेतो.

अर्धविराम:
‘अधू’ मला पटत चाललाय. एक डिस्क नसताना तिच्यावरचा मजकूर उरलेल्या तिघींवरून एक्सॉर करून (बिटांची एकमेकांशी तुलना करणारं गणित) दर वेळी नव्याने काढावा लागतो, त्यामुळे वाचन खरोखरच मंदावतं. पण ‘अधू’ वाचून धोका कळतो का? माणूस अधू दृष्टीने वर्षानुवर्षं जगतो. इथे तर नवी डिस्क घालून पुनर्बांधणी चालू असताना बाकीच्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात, आणि दुसरी डिस्क नेमकी तेव्हाच दगा देऊ शकते. डोळ्यात तेल घालून बसायची वेळ ती.

मागोमाग:
गोंधळ मुळात ‘रिडंडंट’पासून आहे, म्हणजे रेड (RAID) या नावातल्या आरपासून. पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी १९८८च्या निबंधात रेड हे नाव दिलं, तेव्हा त्यातला आय ‘इनएक्स्पेन्सिव्ह’चा होता. पुढे त्याचा ‘इंडिपेंडंट’ झाला. आर मात्र तोच राहिला, आणि मराठीत त्याचं सर्रास ‘अनावश्यक’ होतं. अनावश्यक तबकड्या! हे वाचल्यावर कुणीही एखादी काढून ठेवेल. ‘राखीव’ही चालत नाही, कारण रेड ५ मध्ये कुठलीच डिस्क मोकळी बसलेली नसते, पॅरिटी (गेलेल्या डिस्कवरचा मजकूर परत काढायला लागणारा बचावाचा मजकूर) सगळ्यांवर विखुरलेली असते. माझं मत ‘उणा’. एक उणा संच. किती कमी आहे ते शब्दातच आलं.

पूर्वभाग:
उणा चांगला आहे. पण खरी राखीव म्हणजे हॉट स्पेअर, तिला काय म्हणणार? आमच्या दुकानात स्टेपनी म्हणतात.

मागोमाग:
स्टेपनी हे वेल्समधल्या लानेली गावातल्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलेलं नाव. १९०४च्या सुमारास जादा चाक तिथे बनायला लागलं. पण स्टेपनी डिकीत पडलेली असते, खाली उतरून बसवावी लागते. हॉट स्पेअर आधीपासून जोडलेली असते, एक पडली की आपोआप कामाला लागते. तिला स्टेपनी म्हणू नये.

काळी माती:
मग ‘बदली’. गिरण्यांच्या काळात बदली कामगार रोज भोंग्याला दारात हजर असायचे. कायमचा कामगार आला नाही की बदलीवाला त्याच्या मागावर. माझे मामा लक्ष्मी-विष्णू गिरणीत बदलीवर होते. तयार उभा असलेला माणूस, हाच तर अर्थ आहे हॉट स्पेअरचा.

निवृत्त अनुवादक:
हा शब्द मात्र मलाही मान्य आहे. फक्त आज ‘डिस्कची बदली’ वाचून लोकांना सरकारी बदली आठवेल, म्हणजे इथून उचलून तिथे.

काळी माती:
‘बदलीची डिस्क’ म्हणा, ‘डिस्कची बदली’ नको. बदलीचा ड्रायव्हर आपण म्हणतोच.

अर्धविराम:
बदलीची डिस्क घेतो, पुढच्या खरेदीत एक आणायचीच आहे. सूचनेत तूर्त असं लिहिलंय: “संच एक उणा आहे. माहिती आहे, आधार गेला आहे. डिस्क काढू नका, सर्व्हर बंद-चालू करू नका, नवा संच बनवणारी ‘क्रिएट’ची आज्ञा कधीही देऊ नका, मला फोन करा.” प्रत्येक डिस्कवर तिचा अनुक्रमांक चिकटवलाय, म्हणजे काढायचीच वेळ आली तर जागा मोजत बसायला नको. ‘अधू’ की ‘उणा’ हे अजून पक्कं नाही.

निवृत्त अनुवादक:
‘आधार गेला आहे’ काढा. मराठीत ते घरातलं कर्तं माणूस गेल्यावर म्हणतात.

पूर्वभाग:
म्हणूनच राहू द्या की. वडील हात लावणार नाहीत.