विषय: जीपीकडे नाव घालायला वीजबिल मागतात

प्रेषक: स्लावकर (नवीन)
सोमवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी,

पाडव्याच्या कार्यक्रमात श्रीखंडाच्या रांगेत दोनदा उभा राहिलेला तो मीच. मंडळाच्या ईमेल लिस्टवर पहिल्यांदा लिहितोय, आणि तेही रडगाणं घेऊन.

आम्ही दोघं इंग्लंडमध्ये, स्लावला येऊन पाच आठवडे झाले. शेअरिंगच्या घरात एक खोली आहे. करार तोंडी, लाईटबिल आणि काउन्सिल टॅक्स दोन्ही घरमालकाच्या नावावर. बँकेचं खातं फक्त मोबाईलवर आहे, त्यामुळे कागद म्हणून काहीच घरी येत नाही.

जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घालायला गेलो. पहिल्या सर्जरीत, म्हणजे त्यांच्या दवाखान्यात, रिसेप्शनवरच्या बाईंनी पासपोर्ट, बीआरपी कार्ड (इथे राहण्याच्या परवान्याचं) आणि पत्त्याचे दोन पुरावे मागितले, तेही तीन महिन्यांच्या आतले. मी म्हटलं, बीआरपी २०२४ च्या शेवटी बंद झालं, आता ई-व्हिसा असतो, हा बघा मोबाईलवर. त्या म्हणाल्या, ठीक आहे, मग कार्ड आलं की या. कार्ड येणारच नाही हे मी तीन वेळा सांगितलं. मागे रांग वाढत होती, म्हणून बाहेर पडलो.

दुसऱ्या सर्जरीची हद्द आमच्या रस्त्याच्या तोंडाशी संपते. तिसरीने फोनवरच सांगितलं की सध्या नवीन पेशंट घेत नाही.

एरवी थांबलो असतो. पण बायकोला आठवा आठवडा चालू आहे आणि तिला थायरॉइड आहे. येताना आणलेल्या डबीत १९ गोळ्या उरल्यात. पुण्यात कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन घेऊन यायचो, इथे चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. व्हिसाबरोबर हेल्थ सरचार्ज म्हणून दोघांचे तीन वर्षांचे ६,२१० पौंड आधीच मोजलेत, हे आठवलं की जास्तच त्रास होतो.

भांडायची सवय नाही. इंग्रजीत तर अजिबात नाही. काय करू?

*

प्रेषक: हॅरोकर काकू
मंगळवार, सकाळी ६:१०

अरे बाबा, आधी अभिनंदन! तीन महिने होईपर्यंत बातमी फोडू नये म्हणतात, तू तर अख्ख्या मंडळाला कळवलीस. असू दे, सगळे आपलेच आहेत.

घाबरू नका. मी १९७८ मध्ये आले तेव्हा नागपूरला आईला पत्रात लिहिलं होतं, 'उद्या सर्जरीत जायचंय, नाव घालून आलेय.' तिला वाटलं माझं ऑपरेशन आहे. तिने सत्यनारायण बोलला, शेजारणींना सांगितलं, आणि माझं दुसरं पत्र पोचेपर्यंत दोन आठवडे वरणभातावर राहिली. सत्यनारायण मग करावाच लागला, बोललेला होता ना.

तिला फोलिक ॲसिड चालू आहे ना? ४०० मायक्रोग्रॅमची गोळी, बाराव्या आठवड्यापर्यंत. ही चिठ्ठीशिवाय मिळते, सुपरमार्केटातसुद्धा. आजच आण.

रिसेप्शनवरच्या बायकांशी वाकडं घेऊ नकोस. डॉक्टर बदलत राहतात, पण ती बाई वीस वर्षं तिथेच असते. मी तर त्यांना शंकरपाळ्यांचा डबा पोचवते, कामं लवकर होतात. आणि अगदीच अडलं तर माझा पत्ता दे, माझ्याकडे बिलांचा ढीग आहे. आमची सर्जरी चांगली आहे.

*

प्रेषक: रेडिंगकर
मंगळवार, सकाळी ८:४५

काकू, मन मोठं आहे तुमचं, पण हॅरोचा पत्ता त्याला देऊ नका. खोटा पत्ता तर आहेच, शिवाय मिडवाइफची (बाळंतपण बघणाऱ्या नर्सची) आणि स्कॅनची पत्रं हॅरोला येतील आणि ही दोघं स्लावला वाट बघत बसतील.

स्लावकर, इंग्लंडमधला नियम तुमच्या बाजूचा आहे. जीपीकडे नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा, ओळखपत्र, व्हिसाची कागदपत्रं, एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) नंबर, यातलं काहीच बंधनकारक नाही. सर्जरी मागू शकते. तुमच्याकडे नसेल तर तेवढ्यावरून नाकारू शकत नाही. हद्दीबाहेरचा पत्ता किंवा बंद झालेली यादी ही कारणं चालतात. आणि नाकारलं तर १४ दिवसांच्या आत कारण लेखी द्यावं लागतं. तेव्हा पुन्हा जाल तेव्हा एवढंच विचारा: 'हे मला लेखी मिळेल का?' आवाज चढवायची गरज नाही.

त्याआधी, रांगेत न जाता, एनएचएसच्या वेबसाइटवरून पहिल्या सर्जरीचा ऑनलाइन फॉर्म भरा. ३१ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंडमधल्या सगळ्या सर्जऱ्यांना ही सोय देणं बंधनकारक आहे. तो फॉर्म बिल अपलोड करा म्हणत नाही. तिसऱ्या सर्जरीची यादी खरंच अधिकृतपणे बंद आहे की नुसतं फोनवर सांगितलं, तेही बघा. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गोळ्यांचं महत्त्वाचं. नाव नोंदलं नसलं तरी तातडीचे उपचार सर्जरीला १४ दिवसांपर्यंत मोफत द्यावे लागतात. 'गर्भवती आहे, थायरॉइडची गोळी संपतेय' हे पहिल्याच वाक्यात सांगा. गरोदरपणात त्या गोळीचा डोस बहुतेक वेळा वाढवावा लागतो, त्यामुळे रक्त तपासायलाच हवं. तरीही अडलं तर एनएचएसच्या हेल्पलाइनला, १११ ला, फोन करा.

आणि मिडवाइफसाठी जीपीची वाट बघू नका. जवळच्या हॉस्पिटलच्या मॅटर्निटी विभागाच्या वेबसाइटवर स्वतः नाव देता येतं. पहिली भेट दहाव्या आठवड्याच्या आत व्हावी असं एनएचएसचंच म्हणणं आहे. थॅलेसेमियाची रक्ततपासणीही तोवर झालेली बरी. आज रात्री फॉर्म भरा, उद्या नाही.

*

प्रेषक: मिल्टन कीन्सकर
मंगळवार, सकाळी ९:०२

कृपया मला लिस्टवरून काढावे.

*

प्रेषक: ल्यूटनकर
मंगळवार, दुपारी १:३०

मिल्टन कीन्सकर, मंडळाच्या लिस्टवरून की सर्जरीच्या? दुसरीवरून काढून घेणं फार सोपं आहे, अर्जसुद्धा लागत नाही. अनुभवाने सांगतो.

गेल्या वर्षी वडिलांच्या आजारपणासाठी साताऱ्याला सात महिने होतो. परत आल्यावर ब्लडप्रेशरच्या गोळ्या मागवायला एनएचएसचं ॲप उघडलं, तर जीपीच्या जागी काहीच नाही. सर्जरीत गेलो तर म्हणाले, तुम्ही आता आमच्याकडे नाही. बावीस वर्षं त्यांच्याकडे होतो! झालं असं की तपासणीचं एक पत्र आलं होतं, घरात राहायला ठेवलेल्या पोराने 'इथे राहत नाहीत' लिहून परत पाठवलं. त्याचं खोटं नव्हतं, त्या वेळी मी राहत नव्हतोच. तीन महिन्यांपेक्षा जास्त परदेशी गेलं की नाव कमी होऊ शकतं, हे मला माहीतच नव्हतं.

तेव्हा वीजबिल, काउन्सिल टॅक्स, पासपोर्ट, सगळं होतं माझ्याकडे. तरी नवीन पेशंट म्हणून पहिल्यापासून फॉर्म. बावीस वर्षांनी मला विचारतात, दारू किती पिता, आठवड्याला किती युनिट. साताऱ्याहून आलेल्या माणसाने काय उत्तर द्यावं?

लांबच्या मुक्कामाला जाणाऱ्यांनी पत्रं बघायला शहाणं माणूस ठेवा.

*

प्रेषक: लेस्टरकर ताई
मंगळवार, रात्री ९:१५

मी या लिस्टवर फक्त वाचते, पण आज राहवलं नाही. नऊ वर्षं सर्जरीच्या रिसेप्शनवर काम करतेय, म्हणजे तुमच्या गोष्टीतली ती बाई मीच, फक्त लेस्टरमधली.

रेडिंगकरांनी सांगितलेला नियम बरोबर आहे. तो माझ्या काउंटरवर चिकटवलेला आहे. पण सकाळी आठ वाजता फोन सुरू झाले की तो कागद दिसतही नाही. आम्ही मुद्दाम अडवतो असं कोणी समजू नका. सर्जरीला पैसे मुख्यतः यादीवरच्या माणसांच्या हिशेबाने मिळतात, पेशंट परत पाठवून आमचा फायदा काय? बिल मागायची सवय पडलीय, कारण चुकीच्या पत्त्यावर गेलेला रिपोर्ट निस्तरायला पुढे महिना जातो. दुसरी भीती एकाच माणसाच्या दोन नोंदी होण्याची. आणि त्यात आपली मराठी नावं! पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं, बँकेत वडिलांचं, हॉस्पिटलात आडनाव पुढे. एका बाईच्या मला तीन नोंदी सापडल्या होत्या, प्रत्येकीचा एनएचएस नंबर वेगळा, आणि ॲलर्जी त्यातल्या एकीवरच लिहिलेली. म्हणून स्लावकर, दोघांचीही नावं पासपोर्टवर आहेत तशीच, त्याच क्रमाने, सगळीकडे लिहा. मॅटर्निटीच्या फॉर्मवरसुद्धा.

नोंदणीच्या फॉर्मवर यूकेत राहायला कधी आलात ती तारीख विचारतात, ती भरा. 'आधीचा जीपी' रिकामं सोडा, पुण्याच्या डॉक्टरांचं नाव घालू नका. आमच्यातलं कोणीतरी त्यांना शोधत बसतं. कागदी फॉर्म दिला तर शेवटी परदेशातून आलेल्यांसाठी एक पुरवणी असते. त्यात सरचार्ज भरल्याची खूण करा. पण ती पुरवणी हॉस्पिटलच्या बिलासाठी आहे, तिच्यावरून जीपीची नोंदणी अडत नाही.

ई-व्हिसाचं म्हणाल तर आमच्याकडेही दोघींना अजून कळलेलं नाही. तुम्ही कार्डाचा विषय काढूच नका. पासपोर्ट द्या, बाकी विचारलं तर 'खोलीत राहतो, बिल माझ्या नावावर येत नाही' एवढंच. आणि सकाळी आठला जाऊ नका. दुपारी अडीचला जा, तेव्हा आम्ही माणसात असतो.

काकू, शंकरपाळे खरंच पोचतात, पण त्याने नोंदणी लवकर होत नाही. मी खाल्लेत, म्हणून सांगते.

*

प्रेषक: स्लावकर (नवीन)
शुक्रवार, संध्याकाळी ७:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. झालं ते सांगतो.

मंगळवारी रात्री मॅटर्निटीचा फॉर्म भरला. गुरुवारी मिडवाइफचा फोन आला, पुढच्या बुधवारी भेट आहे. थायरॉइडचं ऐकून ती म्हणाली, रक्त तपासायला बुधवारपर्यंत थांबू नका, जीपीला लगेच कळवा. बायको म्हणाली, जीपी असता तर कळवलं असतं.

ऑनलाइन फॉर्मही त्याच रात्री गेला. ताईंच्या सांगण्याप्रमाणे काल दुपारी अडीचला पहिल्याच सर्जरीत गेलो. त्याच बाई होत्या. मी दोन वाक्यं पाठ करून गेलो होतो, बसमध्ये पुटपुटत होतो. पण त्यांनी 'पत्त्याचा पुरावा?' म्हटल्यावर पहिलं वाक्य विसरलो आणि एकदम दुसरंच तोंडातून आलं: 'हे लेखी मिळेल का?' त्या थबकल्या. आत जाऊन आल्या. मॅनेजर म्हणून एक गृहस्थ आले, त्यांनी संगणकात बघून सांगितलं की तुमचा ऑनलाइन अर्ज आलेला आहे, दोन दिवसांत होईल. बिलाचं नावच काढलं नाही. मी उगाच अपराधी वाटून 'सॉरी' म्हणून आलो. कशाबद्दल ते मला अजून कळलेलं नाही.

गोळ्यांसाठी त्यांनी त्याच संध्याकाळी त्यांच्या फार्मासिस्टचा फोन ठरवून दिला. पुण्याच्या डबीवर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं बारीक, त्यांना आधी काही कळेना. लिव्होथायरॉक्सिन म्हटल्यावर एका मिनिटात काम झालं. रक्त सोमवारी. माझा एनएचएस नंबर मेसेजवर आला आहे, तिचा अजून नाही.

आता पुढचा प्रश्न. बाळंतपणाला सासूबाई येतील, सहा महिने. त्यांना डायबेटिस आहे. त्यांचं नाव जीपीकडे घालता येतं का?

*

प्रेषक: लेस्टरकर ताई
शुक्रवार, रात्री १०:०५

तिचा नंबर मंगळवारपर्यंत आला नाही तर फोन करा. बहुतेक आडनावाचा घोळ असेल.

सासूबाईंचं नाव घालता येतं. तीन महिन्यांपर्यंतच्या मुक्कामाला तात्पुरते पेशंट म्हणून, त्याहून जास्त राहणार असतील तर नेहमीसारखं. व्हिजिटर व्हिसा असला तरी जीपीला दाखवण्याचे पैसे नाहीत. पण हॉस्पिटलात भरती झाल्या तर पूर्ण बिल येतं, तेही एनएचएसच्या दराच्या दीडपट. ५०० पौंड किंवा जास्त थकले तर होम ऑफिसला कळतं आणि पुढचा व्हिसा अडकू शकतो. ट्रॅव्हल इन्शुरन्स तिकडूनच, डायबेटिस लपवता काढा.

त्यांना इंग्रजी येत नसेल तर फॉर्मवर भाषा 'मराठी' लिहा. दुभाषा मोफत मिळतो, लेकीने किंवा जावयाने करायचं काम नाही ते. 'इंडियन' लिहिलंत तर हिंदीवाला येईल.

*

प्रेषक: ल्यूटनकर
शुक्रवार, रात्री १०:३१

'लपवता' की 'न लपवता'?

*

प्रेषक: लेस्टरकर ताई
शुक्रवार, रात्री १०:३३

न लपवता! न लपवता! दिवसभर फोन घेऊन डोकं चालत नाही.

*

प्रेषक: ल्यूटनकर
शुक्रवार, रात्री १०:५०

शुगरच्या आकड्यांचंही आधी सांगून ठेवा. माझी आई आली होती तेव्हा इथे 'आठ पॉइंट दोन' ऐकून घाबरली, तिला वाटलं शुगर आठवर उतरली, आणि दोन पेढे खाल्ले. इथल्या आकड्याला अठराने गुणायचं, म्हणजे ती होती जवळजवळ १४८. तीन महिन्यांची शुगर इथे ४८, ५३ अशी सांगतात. ४८ म्हणजे आपली साडेसहा, ५३ म्हणजे सात. हिमोग्लोबिन ११५ सांगितलं तर दहाने भागा. फ्रिजवर कागद लावून ठेवा, आमच्याकडे अजून आहे.

*

प्रेषक: स्लावकर (नवीन)
शनिवार, सकाळी ८:०५

तिचा नंबर आला! आडनावाच्या जागी माझं पहिलं नाव छापलंय. सोमवारी अडीचला पुन्हा जातो.

काकू, दुपारी हॅरोला येतोय. तिला परवापासून फक्त आंबट चुक्याची भाजी हवीय. तुमच्याकडे कुठे मिळतो का?