एचबीएवनसी वाचताना हिमोग्लोबिनही पाहावे

मधुमेह ओळखायला एचबीएवनसी ही एकच रक्तचाचणी पुरे, असे म्हटले जाते. तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही आणि मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर कळते, हे त्यातले म्हणणे योग्यच आहे. परंतु ‘हा एक आकडा पुरेसा आहे’ हे मला मान्य नाही. ही चाचणी रक्तातील तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, हे तिचे गृहीतक आहे. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात या पेशी अवघ्या १० ते २० दिवसांत नष्ट होतात, साखर चिकटायला पुरेसा वेळच मिळत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात साखर वाढलेली असूनही अहवाल दिलासा देणारा येऊ शकतो. गडचिरोली, नंदुरबारसारख्या जिल्ह्यांत, जिथे सिकलसेल बराच आढळतो, तिथे हे विसरणे धोक्याचे आहे.

लोहाच्या कमतरतेत बहुधा उलटे घडते. आमच्या नात्यातील एका बाईंचा एचबीएवनसीचा आकडा ६.६ टक्के आला, म्हणजे मधुमेहाच्या ६.५ या मर्यादेच्या वर. उपाशीपोटीची साखर मात्र ९२ आणि हिमोग्लोबिन जेमतेम ८ होते. डॉक्टरांनी मधुमेहाचे औषध न देता आधी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि काही महिन्यांनी तोच आकडा ५.८ वर आला. अशी शंका असेल तेव्हा उपाशीपोटीची व जेवणानंतरची साखर तपासावी, किंवा दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणाऱ्या फ्रुक्टोसामाइन चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारावे.